टाका पिकला, पण कागदावर काय लिहिलं? पिशवीच्या ऑपरेशननंतरच्या जखमेचा 'कोड' आणि खर्चाचा हिशेब

पिशवीचं ऑपरेशन होतं, चार-पाच दिवसांनी सुट्टी मिळते. बाई घरी येते. दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग टाक्याच्या जागी लाली दिसते, ठणका लागतो, पाणी सुटतं. एखाद्या सकाळी कपड्याला पू लागलेला दिसतो. ऑपरेशन झालेला दवाखाना जिल्ह्याच्या गावाला, एसटीच्या वेळा अवघड, घरात काढणीची घाई. मग जवळच्याच डॉक्टरकडे एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू होतं. इंजेक्शन, गोळ्या, गाडीभाडं असं करत पैसा जात राहतो. "ऑपरेशन योजनेत फुकट झालं, पण टाक्यानं खाल्लं" हे वाक्य गावागावांत ऐकायला मिळतं.

यातला बराचसा खर्च टळू शकतो, हे मात्र फार थोड्या घरांना माहीत असतं. सरकारी योजना असो की विमा कंपनीची पॉलिसी, ऑपरेशननंतर ठराविक दिवसांत जखम बिघडली तर तिचा उपचार बहुतेक वेळा मूळ ऑपरेशनच्याच हिशेबात धरलेला असतो. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, दिवस मोजून वेळेत परत जाणं. दुसरी, डॉक्टरांच्या कागदावर त्या बिघाडाची नीट नोंद असणं. याच नोंदीवरून पुढं एक 'कोड' पडतो आणि त्या कोडवरून पैसे कोण भरणार ते ठरतं.

कोड म्हणजे आजाराचा गट नंबर

गावात "नदीकडची पट्टी" म्हटलं की शेजाऱ्याला बरोबर कळतं. पण तलाठ्याला गट नंबर लागतो. नंबर चुकला तर जमीन जागेवर असूनही कागद दुसऱ्याच शेताचा निघतो. आजाराचंही तसंच आहे. घरात "टाका पिकला" म्हटलं की सगळ्यांना समजतं. विम्याच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला मात्र अक्षर आणि आकडे लागतात.

हे आकडे येतात जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून. दवाखान्यात या यादीला 'आयसीडी' म्हणतात. तिची सुरुवात १८९३ मध्ये झाली. फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली होती, तीच पुढं वाढत गेली. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती निघाली तेव्हापासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या दाव्याच्या छापील फॉर्ममध्ये दवाखान्यानं भरायच्या भागात आजही दहाव्या आवृत्तीच्या कोडचे रकाने आहेत. मुख्य आजार, जोडीचे आजार आणि केलेली शस्त्रक्रिया, सगळ्यांना कोड.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवायची. महात्मा फुले योजनेत प्रत्येक उपचाराला योजनेचा स्वतःचा पॅकेज कोड असतो, तो वेगळा. तो सांगतो "काय केलं". आयसीडीचा कोड सांगतो "काय झालं होतं".

जखम पोटावरचीच, पण कोड वेगळे

पिशवी काढणं, गर्भाशयाबाहेरची गाठ काढणं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन आणि सिझर या सगळ्यांत जखम साधारण पोटाच्या खालच्या भागात असते. पाहणाऱ्याला सारखीच दिसते. पण कोडच्या यादीत तिचे दोन सरळ वाटे पडतात. बाळंतपणाशी जोडलेली जखम 'ओ' अक्षरात जाते. बाकीची 'टी' अक्षरात जाते.

पिशवीचं, गाठीचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन असेल तर:

• टी ८१.४ : ऑपरेशननंतर झालेला जंतुसंसर्ग. टाका पिकणं, जखमेत पू होणं, पोटात पू साठणं हे यात येतं.
• टी ८१.३ : टाके उसवणं, जखम उघडणं.
• टी ८१.० : ऑपरेशनमुळे रक्तस्राव होणं किंवा रक्ताची गाठ साठणं.

सिझर किंवा बाळंतपण असेल तर:

• ओ ८६.० : बाळंतपणातील शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग. सिझरचा टाका पिकला की हा कोड. नॉर्मल डिलिव्हरीत खाली घातलेले टाके पिकले तरी हाच.
• ओ ९०.० : सिझरची जखम उसवणं.
• ओ ९०.१ : बाळंतपणात खाली घातलेले टाके उसवणं.

पिकणं आणि उसवणं यात फरक आहे. पू न होताही टाके उसवू शकतात आणि टाके जागेवर असूनही आत पू होऊ शकतो. दोन्ही एकदम झालं तर दोन्ही नोंदी हव्यात.

या अक्षरांनी काय फरक पडतो? पैशाच्या बाबतीत मोठा पडतो. अनेक साध्या आरोग्य पॉलिसींमध्ये बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो. सिझर आणि अवघड बाळंतपणाचा खर्चही त्यातच गेला. समजा, एखाद्या बाईचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि जखम पिकली, पण भरणाऱ्यानं घाईत 'ओ ८६.०' टाकलं. तर विमा कंपनीच्या दृष्टीनं तो बाळंतपणाचा खर्च झाला, आणि दावा तिथंच अडकला. बाई पन्नाशीची असली तरी कागद म्हणतो बाळंतीण. चूक एका अक्षराची, खेटे मात्र महिनाभराचे.

जखम किती खोल, हेही लिहावं लागतं

"टाका पिकला" या दोन शब्दांत वरवरचा लालसर टाकाही येतो आणि जिवावर बेतणारा पोटातला पूही येतो. म्हणून डॉक्टर जखमेचे तीन थर धरतात.

पहिला थर कातडी आणि तिच्याखालची चरबी. इथला संसर्ग सगळ्यात जास्त दिसतो आणि ड्रेसिंग, औषधं यांनी बहुधा आवरतो. दुसरा थर त्याखालचं जाड पांढरं आवरण आणि स्नायू. पोट खरं धरून ठेवतो तो हा थर. तो उसवला तर पुन्हा टाके घालावे लागू शकतात. तिसरा थर म्हणजे पोटाची पोकळी आणि आतले अवयव. पिशवी काढल्यावर आत जिथं शिवलेलं असतं तिथं पू साठला, तर बाहेरचा टाका कोरडा दिसूनही बाईला ताप, ओटीपोटात कळ आणि अंगावरून घाण वास येणारा स्राव असू शकतो.

पिशवीच्या आणि सिझरच्या ऑपरेशनसाठी संसर्ग मोजण्याची रूढ मुदत ३० दिवसांची आहे. म्हणजे ऑपरेशनपासून ३० दिवसांत जखम बिघडली तर ती ऑपरेशनशी जोडून पाहिली जाते. बाई तर पाच-सात दिवसांत घरी येते. त्यामुळे बरेच टाके दवाखान्यात नाही, घरीच पिकतात, आणि नोंद राहून जाण्याचं मूळ कारणही तेच आहे.

अमेरिकेत या कोडची आणखी बारीक वाटणी आहे. तिथं १ ऑक्टोबर २०१८ पासून वरवरच्या संसर्गाला टी ८१.४१, खोल थराला टी ८१.४२, आतल्या पोकळीला टी ८१.४३ आणि संसर्ग रक्तात पसरला तर टी ८१.४४ असे वेगळे कोड आहेत. तिथल्या सरकारी मेडिकेअर योजनेत पिशवीच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांपर्यंतची नेहमीची देखभाल मूळ पैशातच धरतात. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तरच वेगळं बिल. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे असे कागद वाचून कोड टाकण्याचं काम पुणे, नवी मुंबईतल्या कार्यालयांत आपल्याकडची मुलं-मुली करतात. बीएस्सी, बीफार्म झालेली खेड्यातली पोरंही त्यात आहेत. 'मेडिकल कोडिंग' म्हणतात ते हेच.

या कामाचा एक नियम प्रत्येक घरानं समजून घेण्यासारखा आहे. कोड टाकणारा माणूस पेशंटला कधी पाहत नाही. त्याच्यापुढं फक्त कागद असतो. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते त्याला धरता येत नाही. जखमेत पू आहे एवढं लिहूनही भागत नाही. हा पू अमक्या ऑपरेशनमुळे झाला, हा संबंध डॉक्टरांनीच लिहावा लागतो. कोड टाकणाऱ्यानं तो अंदाजानं जोडायचा नसतो.

कागदावर नेमकं काय हवं

बहुतेक वेळा ड्रेसिंगच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: "ड्रेसिंग केले. गोळ्या ५ दिवस." यात ऑपरेशन कोणतं, कधी झालं, जखमेत काय होतं, काहीच नाही. सहा महिन्यांनी हा कागद कुठंही दाखवला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्याऐवजी अशी नोंद हवी: "अमुक तारखेला पोटावरून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. आज ११ वा दिवस. जखमेच्या डाव्या टोकाला २ सेंटिमीटर उघड, पू. फक्त कातडी आणि चरबीपर्यंत, आतला थर शाबूत. ताप १०१. शस्त्रक्रियेनंतरचा जखमेचा संसर्ग. पू तपासणीला पाठवला." पाच-सहा ओळींचं काम आहे. डॉक्टर इंग्रजीत लिहितील, हरकत नाही. पण या गोष्टी त्यात आहेत का, एवढं विचारायचा हक्क पेशंटला आहे.

पू तपासणीचा रिपोर्टही जपून ठेवायचा. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं ते त्यात कळतं. जंतू सापडला तर त्याचा जोडकोडही लागतो. तपासणी न करता एकामागून एक महाग इंजेक्शनं बदलत राहणं हे खिशालाही परवडत नाही आणि अंगालाही. ही तपासणी औषध सुरू करण्याआधी झाली तर जास्त उपयोगाची. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाणं टाळायचं.

बाईला शुगर असेल, रक्त कमी असेल, तर तेही लिहू द्यायचं. शुगर वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही. काही घरांत विमा नाकारतील या भीतीनं शुगर लपवतात. उलट नंतर रिपोर्टमध्ये ती सापडली तर 'माहिती दडवली' हा शेरा बसतो आणि सगळाच दावा अडचणीत येतो.

आता पैशाचा हिशेब: दिवस मोजा

पीक विम्यात ७२ तासांत नुकसान कळवलं नाही म्हणून किती जणांचे दावे अडकले, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इथंही मुदतीचाच खेळ आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी मुदत वेगळी.

महात्मा फुले जन आरोग्य योजना: आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. या योजनेच्या पॅकेजात दाखल झाल्यापासून सुट्टीपर्यंतचा आणि सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतचा उपचार येतो. त्या काळात गुंतागुंत झाली तर तीही त्यातच. टाका पिकणं ही गुंतागुंतच आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या नियमात सुट्टीनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या धरलेल्या आहेत. महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालतात. म्हणून सुट्टी घेतानाच आरोग्यमित्राला विचारून शेवटची तारीख फाईलवर लिहून घ्यायची. तोवर १० दिवस धरूनच चालायचं.

मोजणी ऑपरेशनच्या तारखेपासून नाही, सुट्टीच्या तारखेपासून. समजा, ऑपरेशन ३ तारखेला झालं, सुट्टी ८ तारखेला झाली. म्हणजे १८ तारखेपर्यंत मुदत. टाका १४ तारखेला पिकला. १५ तारखेला त्याच दवाखान्यात गेलं तर उपचार पॅकेजातला. पण गावातच ड्रेसिंग करत २२ तारीख उजाडली, आणि मधल्या चिठ्ठ्यांवर "ड्रेसिंग केले" एवढंच असलं, तर संसर्ग मुदतीत सुरू झाला होता हे दाखवायला हातात काहीच राहत नाही. पहिल्याच दिवशी जाणं जमत नसेल तर निदान दवाखान्याच्या आरोग्यमित्राला फोन करून कळवायचं आणि गावातल्या डॉक्टरांकडून तारखेसह पूर्ण नोंद लिहून घ्यायची. मुदतीनंतर पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर नवी मंजुरी मिळते का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून विचारून घ्यायचं.

पॅकेजात असलेल्या उपचारासाठी पैसे मागितले तर आधी आरोग्यमित्राकडे तक्रार करायची. तिथं दाद लागली नाही तर योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर करायची. पैसे द्यावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय द्यायचे नाहीत.

सरकारी दवाखान्यातलं सिझर: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू आहे. यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, गाडी सगळं धरून. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचाही यात समावेश आहे. त्यामुळे सिझरचा टाका पिकला तर आधी सरकारी दवाखान्यातच परत जायचं. आशाताई सिझर झालेल्या घरी ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या बाळ बघायला येतात असा अनेक घरांचा समज असतो. पण आईची जखमही त्यांना दाखवायची आणि त्यांच्या फॉर्मवर लिहायला सांगायचं. तारखेसह झालेली ती पहिली नोंद ठरते.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन: सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात हे ऑपरेशन झालं असेल तर सरकारची नुकसानभरपाई योजना आहे. सुट्टीनंतर ६० दिवसांपर्यंत गुंतागुंतीवर झालेला खर्च ठराविक मर्यादेपर्यंत त्यातून मिळतो. ऑपरेशनच्या वेळी सही केलेला संमतीचा फॉर्म आणि ऑपरेशनचा दाखला यांची प्रत लागते. कॅम्पमध्ये ऑपरेशन झालं म्हणून कागद नाही, असं चालत नाही. अर्जासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून सुरुवात करायची.

विमा कंपनीची पॉलिसी: बँकेतून किंवा एजंटमार्फत घेतलेल्या पॉलिसीत 'दाखल झाल्यानंतरचा खर्च' असा मुद्दा असतो. सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी या ठरावीक पॉलिसीत तो सुट्टीनंतर ६० दिवसांचा आहे. म्हणजे ड्रेसिंग, औषधं, पू तपासणी यांची बिलं मिळू शकतात. हा नंतरचा खर्च संपल्यापासून १५ दिवसांत कागद द्यायचे असतात. दुसरा मुद्दा ४५ दिवसांचा. शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तोच त्रास उलटला तर विम्याच्या व्याख्येप्रमाणे तो एकच आजार धरतात. तिसरा मुद्दा सगळ्यात आधी बघायचा. आरोग्य संजीवनीत पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला पहिले २४ महिने संरक्षण नाही. पॉलिसी नवी असेल तर मूळ ऑपरेशनच बाहेर, मग टाक्याच्या खर्चाचं काय धरायचं!

कंपनीनं दावा नाकारला तर कारण लेखी मागायचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं, मग विमा प्राधिकरणाच्या १५५२५५ या नंबरवर. तिथंही नाही भागलं तर विमा लोकपाल आहे. तिथं वकील लागत नाही आणि फी नाही.

कोड लागला म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही

हा मुद्दा दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा. जखमेचा संसर्ग चांगल्या दवाखान्यातही होतो, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतो. शुगर, अंगातलं कमी रक्त, जाड चरबी, तंबाखू-मिश्री, ऑपरेशनला लागलेला जास्त वेळ अशी त्याची बरीच कारणं आहेत. 'टी ८१.४' हा कोड एवढंच सांगतो की ऑपरेशननंतर संसर्ग झाला. कुणाचा दोष, हे तो सांगत नाही.

तरी काही ठिकाणी अशी नोंद करायला टाळाटाळ होते. नाव खराब होईल, नातेवाईक भांडायला येतील, योजनेत विचारणा होईल, अशी भीती असते. मग कागदावर "जखम ठीक" आणि तोंडी "रोज ड्रेसिंगला या" असं चालतं. नातेवाइकांनीही आवाज चढवला की डॉक्टर आणखी हात आखडता घेतात. त्यापेक्षा शांतपणे सांगायचं, "साहेब, तक्रार नाही. योजनेसाठी आणि पुढच्या डॉक्टरांसाठी नीट लिहून द्या." बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं.

कागद देतच नसतील तर नियम पेशंटच्या बाजूनं आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं उपचाराची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी करायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची.

कागदाआधी जीव: ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही

मुदत, कोड, दावा हे सगळं नंतर. आधी बाईचा जीव. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही:

• थंडी वाजून ताप येणं
• जखमेतून पू किंवा घाण वास, भोवतीची लाली रोज पसरत जाणं
• जखमेतून एकाएकी भरपूर गुलाबी पाणी येणं किंवा आतून काही बाहेर आल्यासारखं वाटणं
• पोट फुगणं, उलट्या, गॅस सरणं बंद होणं
• अंगावरून वास येणारा स्राव किंवा जास्त रक्त जाणं
• लघवी कमी होणं, धाप लागणं, बाई गुंगीत बोलणं

जखम उघडली तर त्यावर स्वच्छ, धुतलेलं ओलसर फडकं ठेवून १०८ ला फोन करायचा. हळद, राख, खोबरेल, झाडपाला काहीही भरायचं नाही. आणि बाईनंही "टाके आहेत, दुखणारच" म्हणून अंगावर काढायचं नाही. पोटाखालची जखम सासऱ्या-दिरांच्या घरात दाखवायला लाज वाटते, सांगायलाही संकोच वाटतो. तेवढ्यात दोन-तीन दिवस जातात. सुट्टीनंतर दहा दिवस रोज एकदा घरातल्या दुसऱ्या बाईनं जखम उजेडात बघावी, एवढं ठरवून घेतलं तरी पुष्कळ टळेल. मोबाईलवर तारखेसह फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांनाही कळतं की लाली किती वाढली. तो फोटो मात्र घराबाहेरच्या ग्रुपवर जाणार नाही याची काळजी घ्यायची.

सुट्टी घेताना एवढं तपासा

१. डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं पूर्ण नाव, ऑपरेशनची तारीख आणि सुट्टीची तारीख आहे का.
२. योजनेत ऑपरेशन झालं असेल तर मोफत फेरतपासणीची शेवटची तारीख आरोग्यमित्राकडून लिहून घेतली का.
३. टाके काढायची तारीख, ड्रेसिंग कुठं करायचं आणि अडचण आली तर फोन कुणाला, हे लिहिलं आहे का.
४. टाका बिघडला तर प्रत्येक चिठ्ठीवर "अमुक ऑपरेशननंतरचा" हा संबंध, कितवा दिवस आणि जखम किती खोल हे आहे का.
५. विम्याचा फॉर्म असेल तर बाळंतपण नसताना 'ओ' अक्षराचा कोड तर पडला नाही ना.
६. औषधांची बिलं, पू तपासणीचा रिपोर्ट, ड्रेसिंगच्या चिठ्ठ्या एका पिशवीत तारखेप्रमाणे लावल्या का. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढला का.

सातबारा, आठ अ, बँकेचं पासबुक आपण कपाटात जपून ठेवतो. ऑपरेशनचे कागद मात्र मेडिकलच्या पिशवीत गुंडाळून खुंटीला लटकतात आणि दिवाळीच्या साफसफाईत जातात. घरातल्या बाईचं डिस्चार्ज कार्डही त्याच कपाटात, सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा. टाका पिकलाच तर दवाखान्यात निघताना सगळ्यात आधी तोच कागद हातात लागतो.